मराठीतून जर्मन: दीड वर्ष केलेल्या क्लासचा रिव्ह्यू, आणि मुळात शिकायचंच कशाला

गेल्या आठवड्यात माझा जर्मनच्या बी१ परीक्षेचा (पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात) राहिलेला रायटिंगचा मॉड्यूल पण निघाला, म्हणजे आता चारही मॉड्यूल हातात आहेत, आणि तेव्हापासून हॉस्पिटलमधल्या आठ-दहा सिस्टर्सनी तरी विचारलंय की कुठे केलंस, किती पैसे गेले, आणि खरंच काही उपयोग आहे का. प्रत्येकीला हँडओव्हरच्या वेळी उभ्याउभ्या सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळची मिरजेची, जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तिथलाच, गेली सात वर्षं पुण्यात आयसीयूला आहे. ज्या क्लासचा हा रिव्ह्यू आहे तो कर्वेनगरमध्ये एका बाईंच्या राहत्या घरी चालतो. बाई आधी शाळेत जर्मन शिकवायच्या, आता रिटायर झाल्यात. नाव आणि नंबर टाकू नको असं त्यांनी स्वतःच सांगितलंय, नऊच्या वर मुलं त्या घेत नाहीत आणि ओळखीतूनच बॅच भरते. म्हणून तुम्हाला तिथेच जा असं मी सांगू शकत नाही, पण असा क्लास कसा ओळखायचा ते सांगू शकते, आणि ते जास्त कामाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी जिथे पैसे घालवले ते सांगते. पहिला क्लास मी जाहिरात बघून लावला होता, नाव घेत नाही. "तीन महिन्यांत बी२, नर्सेससाठी खास बॅच" असं लिहिलेलं. फी सगळी आधी भरून घेतली, ऑनलाइन बॅचमध्ये चाळीसच्या वर लोक, अडीच महिन्यांत तीन टीचर बदलल्या, आणि सगळं शिकवणं असं की जर्मन वाक्य, त्याखाली त्याचं इंग्लिश, पाठ करा, पुढे चला. नाइट करून आलेली मी कॅमेरा बंद करून ऐकत बसायचे, आणि अडीच महिन्यांनी मला स्वतःचं नाव, वय, गाव सोडून काही म्हणजे काही बोलता येत नव्हतं. वर ओरिजिनल मार्कशीट्स जमा करा म्हणाले, "प्रोसेस" साठी. तिथे मी थांबले. पैसे परत मिळाले नाहीत. मैत्रिणींनो, ओरिजिनल कागद कुणाच्याही हातात देऊ नका, कितीही गोड बोलू देत.

आणि हा हिशोब आधी कुणी मला सांगितला असता तर त्या जाहिरातीला मी भुललेच नसते. ४५ मिनिटांचा एक तास धरला तर ए१ पूर्ण व्हायला साधारण ८० ते २०० तास लागतात, बी१ पर्यंत पोचायला सुरुवातीपासून ३५० ते ६५०, आणि बी२ ला ६०० ते ८००. हे जर्मन शिकवणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या गोएथे-इन्स्टिट्यूटचेच आकडे आहेत. आता ६०० तास तीन महिन्यांत बसवून बघा, तेही आठ तासांची ड्यूटी करून. रोजचे असे ४५ मिनिटांचे जवळजवळ सात तास होतात, म्हणजे घड्याळाचे पाच. कसं जमणार.

मग वॉर्डातल्या एका डॉक्टर मॅडमच्या ओळखीने बाईंकडे गेले. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, आत्तापर्यंत काय शिकलीस, एक वाक्य बोल. बाहेर जानेवारीची थंडी, मी स्वेटर न घालता गेलेले, म्हटलं तेच सांगू, आणि म्हणाले "इश बिन काल्ट". बाई म्हणाल्या, अगं याचा अर्थ झाला की मी थंड आहे, माणूस म्हणून कोरडी आहे. तू हे इंग्लिशमधून आणलंस, आय अॅम कोल्ड. आता इंग्लिश विसर आणि मला मराठीत सांग काय होतंय तुला. मी म्हटलं, मला थंडी वाजतेय. "मग तसंच म्हण की. मला म्हणजे मिअर. मिअर इस्ट काल्ट."

खरं सांगते, त्या एका वाक्यात मला अडीच महिन्यांपेक्षा जास्त समजलं. मराठीत आपण मी थंड आहे म्हणतच नाही ना, मला थंडी वाजते, मला चक्कर येते, मला मळमळतंय, मला बरं वाटत नाहीये, ते सगळं "मला" होतंय. जर्मनमध्ये पण अगदी तसंच. मिअर इस्ट श्विंडेलिश, मला चक्कर येतेय. मिअर इस्ट युबल, मला मळमळतंय. मिअर गेट एस निश्ट गूट, मला बरं नाहीये. पेशंट दिवसभर जे बोलतो त्यातलं निम्मं हेच असतं, आणि आपल्याला ते जन्मापासून येतंय, फक्त कुणीतरी दाखवून द्यावं लागतं. शाळेत "स ला ते, स ला ना ते" म्हणत विभक्त्या घोकल्या होत्या आठवतंय? बाईंनी तोच तक्ता फळ्यावर काढला आणि म्हणाल्या, आपण आठ पाठ केल्या, यांना चारच आहेत, घाबरताय कशाला. दातिफ म्हणजे बहुतेक वेळा आपली चतुर्थी, अकुझातिफ म्हणजे द्वितीया, झालं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. मराठी माणसाने जर्मन इंग्लिशमधून शिकू नये, मराठीतून शिकावं. हे मी अभिमानाच्या भरात बोलत नाहीये, दोन्ही करून बघितलंय म्हणून बोलतेय.

शब्दांचंच घ्या. जर्मनमध्ये शब्दाला शब्द जोडून लांबच्या लांब शब्द करतात म्हणून लोक घाबरतात, पण आपल्याकडे समास आहेतच की. ब्लुट म्हणजे रक्त, ड्रुक म्हणजे दाब, ब्लुटड्रुक म्हणजे रक्तदाब. ब्लुटग्रुप्पं, रक्तगट. क्रांक म्हणजे आजारी, क्रांकनहाउस म्हणजे रुग्णालय, क्रांकनवागन म्हणजे रुग्णवाहिका. व्योर्टरबुख म्हणजे शब्दांचं पुस्तक, शब्दकोश. हांट म्हणजे हात आणि शू म्हणजे बूट, हांटशू म्हणजे हातमोजे, ते हाताला बूट घालतात आणि आपण मोजे घालतो एवढाच फरक. आणि किंडरगार्टन, जो शब्द आपण इंग्लिश समजतो, तो जर्मन आहे, मुलांची बाग, म्हणजे आपली बालवाडीच. बाई असा एक शब्द फोडून दाखवायच्या आणि मग आम्हीच पुढचे फोडायला लागायचो.

नर्सला तर घरच्यासारखं वाटावं असे शब्द आहेत. तिकडे नर्सला पेशंट अजूनही श्वेस्टर म्हणून हाक मारतात, म्हणजे बहीण, म्हणजे आपलं सिस्टर. कागदावरचं नाव आता वेगळं आहे, २०२० पासून तिथल्या कायद्यात प्फ्लेगफाखफ्राउ असं आलंय, बाईसाठी, आणि पुरुषासाठी प्फ्लेगफाखमान, पण तोंडात श्वेस्टर आहेच. आपल्याकडे आजोबा सांगतात ना "मला शुगर आहे", तसे तिकडचे म्हातारे पण सांगतात, इश हाबं त्सुकर, माझ्याकडे साखर आहे. हे ऐकून आमची अख्खी बॅच खूश झाली होती. आणि एक शब्द मात्र पहिल्या दिवशीच डोक्यात पक्का करा, तिकडे बाटलीवर गिफ्ट लिहिलेलं असेल तर ते विष आहे.

आकड्यांचं तर काय सांगू. पहिल्या क्लासमध्ये आकडे शिकवले तेव्हा सगळे वैतागले होते, की हे लोक उलटे बोलतात, ट्वेंटी वन ऐवजी वन अँड ट्वेंटी. अहो पण आपण काय करतो? एकवीस, एक आणि वीस. पंचवीस, पाच आणि वीस. फ्युन्फउंटत्स्वांत्सिश, पाच आणि वीस. एकशे पंचवीस सुद्धा त्याच क्रमाने, आधी शंभर, मग पाच, मग वीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जागी वीस एक आलं तेव्हा केवढा वाद झाला होता, बाई म्हणाल्या, जर्मन मुलं एकवीसच म्हणतात आणि गणितात काही मागे पडली नाहीत. माझ्यासाठी हा प्रश्न डोसचा आहे. २५ मिलिग्रॅम ऐकून जर मी आधी मनात इंग्लिश करायला गेले तर ५२ लिहून बसेन. मराठी कानाने ऐकलं की पंचवीसच ऐकू येतं.

वेळेच्या बाबतीत मात्र सावध. हाल्प द्राय ऐकलं की वाटतं साडेतीन, पण ते अडीच आहे, तिसऱ्याकडे जाताना अर्धं. मी दोनदा चुकले. मग बाईंनी सांगितलं की आपला अडीच शब्द पण संस्कृतच्या अर्धतृतीय वरून आलाय, म्हणजे तिसरा अर्धा, म्हणजे शब्दशः हाल्प द्राय. त्यानंतर नाही चुकले. शिफ्ट अडीचला असताना साडेतीनला पोचणाऱ्या सिस्टरला कोण ठेवेल.

उच्चारात पण आपल्याला एक मोठी सोय आहे. जर्मन झेडचा उच्चार त्स होतो, आणि तो म्हणजे आपल्या चमचा, चूल, चोर मधला च. हिंदीत हा च नाहीच, त्यामुळे आमच्या बॅचमधल्या एका हिंदी भाषिक मुलीला महिनाभर घासावं लागलं आणि आम्हाला एका मिनिटात जमलं. त्सान म्हणजे दात, चूल मधला च लावा, झालं. अवघड जातात ते ओठ गोल करून म्हणायचे स्वर. बाईंची युक्ती अशी की ओठ ऊ चे ठेवायचे आणि आतून ई म्हणायचं. भांडी घासताना, बसमध्ये, मास्कच्या आत मी हेच करत असायचे. अजूनही पूर्ण नाही जमत.

डेअर, डी, डास वर, म्हणजे नामाआधी लिंगाप्रमाणे लावायच्या शब्दांवर, सगळे रडतात. इंग्लिशवाल्यांचं समजू शकतं, त्यांना टेबलाला लिंग असतं हेच पटत नाही. आपल्याला तो, ती, ते तिन्ही आहेत, नपुंसकलिंग आहे, विशेषण लिंगाप्रमाणे बदलायची सवय आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर कुठल्या शब्दाला कुठलं लिंग हे पाठच करावं लागतं, त्याला पर्याय नाही. रक्त आणि हृदय आपल्याकडे पण ते आणि तिकडे पण डास, पण हात तिकडे स्त्रीलिंगी, नाक पण स्त्रीलिंगी, डोकं पुल्लिंगी, डोळा नपुंसकलिंगी. आणि सगळ्यांना खटकतं ते डास मेटशन, मुलगी नपुंसकलिंगी कशी काय? यावर सगळे हळहळत असताना बॅचमधली कुडाळची मुलगी पटकन म्हणाली, त्यात काय, आमच्याकडे पण मुलीला ता चेडू म्हणतात, ती नाही म्हणत. बाईंनी फळ्यावर लिहायचं थांबवलं आणि त्या मुलीकडून मालवणीतले असे शब्द लिहूनच घेतले. बाईंचं मला हेच आवडतं, कुणाच्या घरची बोली असेल ती त्या वर्गात कामाला लावतात, हसत नाहीत कुणाला.

पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं तेही आपल्याला ओळखीचंच. इश ग्लाउबं, डास डेअर पाट्सिएंट फीबर हाट. मला वाटतं की पेशंटला ताप आहे. आहे शेवटी, हाट पण शेवटी. तू आणि तुम्ही आहे तसं डू आणि झी आहे, पेशंटला झी म्हणायचं, डॉक्टरला झी, स्टाफमधल्या बाकीच्या सिस्टर्स आपणहून सांगतात तेव्हा डू. हे समजावून सांगायची गरजच पडली नाही आम्हाला, कुणाला अहो-जाहो करायचं हे आपल्या रक्तातच आहे.

आता मुळात शिकायचं कशाला, यावर. आमच्या बॅचमध्ये नऊ जणांची नऊ कारणं होती. एकीचं लग्न ठरलंय, नवरा तिकडे नोकरीला, तिला जोडीदाराच्या व्हिसासाठी ए१ हवं होतं. नवऱ्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांसाठीचा युरोपियन युनियनचा परवाना) किंवा कुशल कामगाराचा परवाना असेल तर ही अट नसते, त्याच्याकडे यातलं काही नव्हतं. दोन मुलं इंजिनियरिंगची, एमएस तिकडे करायचं, सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही म्हणून. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र युरोपियन युनियनबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात, हे लक्षात ठेवा. त्या मुलांना मी विचारलं होतं की कोर्स इंग्लिशमध्ये आहे मग जर्मन कशाला, तर म्हणाले डिग्री इंग्लिशमध्ये मिळते पण पार्टटाइम काम, घर आणि नंतरची नोकरी जर्मनवर मिळते. एक जण चाकणला एका जर्मन गाड्यांच्या कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे, त्याला कुठे जायचंच नाहीये, त्याला फक्त तिकडून आलेल्या ड्रॉइंगवरचं आणि मेलमधलं स्वतः वाचायचंय. फोक्सवागन आणि मर्सिडीज दोन्ही चाकणला, नाशिकला बॉश, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात केएसबी, आपल्या आजूबाजूला जर्मन किती आहे हे मला बाईंकडे जाईपर्यंत जाणवलंच नव्हतं. आपण ज्याला टेम्पो म्हणतो तो शब्दच जर्मन कंपनीचं नाव आहे, १९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेम्पोने त्या कंपनीच्या तीनचाकी गाड्या इथे बनवल्या आणि नाव आपल्या तोंडात बसलं ते बसलंच. जर्मनमध्ये टेम्पो म्हणजे वेग.

नर्सिंगचं थोडं सविस्तर सांगते कारण विचारणाऱ्या तुम्हीच आहात. तिकडे नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला साधारणपणे बी२ लागतं. बरेच मालक बी१ वर बोलावतात, तिथे आधी असिस्टंट म्हणून काम, सोबत बी२, आणि आपल्या कोर्समध्ये त्यांच्या मते जे कमी पडतं ते भरून काढायला एकतर अॅडॅप्टेशन कोर्स किंवा ज्ञानाची परीक्षा, मग लायसन्स. म्हणजे भाषा हा फक्त व्हिसाचा कागद नाहीये, तुम्हाला पूर्ण पगाराची नर्स कधी मानणार ते भाषेवर अडकलेलं असतं. मान्यता मिळून नोकरी करणाऱ्याला तीन वर्षांनी कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, त्याला बी१ लागतं. नागरिकत्वाला २७ जून २०२४ पासून पाच वर्षं आणि तिथे पण बी१. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे पासपोर्ट सोडावा लागेल, हा विचार घरी बसून करायचा, एजंटच्या ऑफिसात नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारावरून ९० हजार करणार असं जाहीर केलं, त्यामुळे तीन महिन्यांत बी२ वाल्या जाहिराती अजून वाढणार, तेव्हा वरचा तासांचा हिशोब विसरू नका.

आणि माझं अजून एक कारण आहे ते घरचं. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, मिरज डेपोला. मी जर्मन लावलंय म्हटल्यावर त्यांना अजिबात आवडलं नव्हतं, एकुलती एक मुलगी, कशाला एवढ्या लांब, इथे काय कमी आहे. मी विषय टाळायचे. एप्रिलमध्ये, १४ तारखेच्या आसपास, बाईंनी वर्गात सांगितलं की बाबासाहेबांनी १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं, आणि त्यासाठीचा अर्ज त्यांनी स्वतः जर्मनमध्ये लिहिला होता. बॉनला ते पुढे शिकू शकले नाहीत, लंडनचं काम चालू होतं, पण जर्मन त्यांना येत होतं. आणि बाईंनी हेही सांगितलं की इरावती कर्वे त्यानंतर काही वर्षांनी बर्लिनला जाऊन पीएचडी करून आल्या. एका मराठी बाईने १९३० च्या आसपास जर्मनीत जाऊन पीएचडी केली, मी विचार करत राहिले की त्यांना कुणी मिअर इस्ट काल्ट सांगितलं असेल.

त्या रात्री मी बाबांना फोन केला. आमच्या घरी हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याखाली बसून ते फोनवर बोलतात हे मला माहीत आहे. मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, जर्मनमध्ये लिहिला होता अर्ज? स्वतः? मी म्हटलं हो. मग म्हणाले, तू लिहू शकतेस का असा? मी म्हटलं अजून नाही. "मग नीट शीक." तेव्हापासून ते दर रविवारी मला एक शब्द विचारतात आणि वहीत लिहून ठेवतात, देवनागरीत. पन्नासच्या वर झालेत. मला बी१ ला अर्जवजा पत्र लिहायचा प्रश्न आला तेव्हा काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा.

परीक्षेचं. मी ए१ आणि बी१ दोन्ही बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनला दिल्या. गोएथे-इन्स्टिट्यूटलाच भारतात मॅक्स म्युलर भवन म्हणतात, ज्या मॅक्स म्युलरने इंग्लंडमध्ये बसून ऋग्वेद सायणभाष्यासकट छापायला काढला आणि १८४९ ते १८७४ अशी पंचवीस वर्षं घालवली, पण भारतात कधी आला नाही, त्याच्या नावाने. ए१ ला ऐकणं, वाचणं, लिहिणं मिळून तासभरापेक्षा थोडं जास्त, मग चार जणांपर्यंतच्या ग्रुपमध्ये तोंडी. स्वतःची ओळख, नावाचं स्पेलिंग, एखादा नंबर, मग कार्ड उचलून एकमेकांना प्रश्न विचारायचे आणि विनंती करायची. नावाच्या स्पेलिंगची तयारी खरंच करा, त्यांची अक्षरं आ, बे, त्से अशी असतात, जे ला योट, व्ही ला फाउ, वाय ला उप्सिलॉन, आणि त्यांचा ई म्हणजे आपला आय आणि त्यांचा ए म्हणजे आपला ई, घाईत हमखास गोंधळ होतो. शंभरपैकी ६० ला पास.

बी१ चं चांगलं हे की चार मॉड्यूल वेगवेगळे देता येतात, प्रत्येकात ६० हवेत, एक राहिला तर तेवढाच परत. माझं लेखन पहिल्यांदा राहिलं कारण तीन कामं असतात, मित्राला मेल, एका विषयावर मत, आणि एक छोटा औपचारिक मेल, आणि मी पहिल्यावरच अर्धा तास घालवला. घड्याळ लावून सराव करा. बोलण्यात दोघं मिळून काहीतरी प्लॅन करायचं, मग एका विषयावर पाच स्लाइडवर छोटं प्रेझेंटेशन, मग एकमेकांना प्रश्न. माझी जोडीदार परीक्षेत भेटलेली अनोळखी मुलगी होती, दोघींनी एकमेकींना सांभाळून घेतलं, कारण तिकडे प्रश्न विचारणं आणि उत्तर देणं दोन्हीला मार्क असतात.

क्लासमधलं काय कमी पडलं तेही लिहिते, नाहीतर हा रिव्ह्यू अर्धवट होईल. ऐकण्याचा सराव बाईंकडे फारच कमी होतो. बाईंचा आवाज, बाईंचा वेग, त्याची सवय होते आणि परीक्षेत रेल्वे स्टेशनची अनाउन्समेंट लागली की घाम फुटतो. मी ती कसर डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या फुकट कोर्सने भरून काढली, ए१ ते बी१ सगळं आहे, मोबाइलवर चालतं, एक पैसा लागत नाही. नाइटहून येताना बसमध्ये रोज अर्धा तास. ज्यांना क्लासची फी परवडत नाहीये त्यांनी तर आधी तिथूनच सुरू करा, आवडलं तर मग पैसे घाला. दुसरं, बाई टेस्ट खूप घेतात आणि पेपर लगेच तपासून देत नाहीत, कधी दोन आठवडे जातात. शिफ्ट बदलली की वर्ग बुडतो आणि रेकॉर्डिंग नसतं, तो भाग मला मैत्रिणीच्या वहीवरून काढावा लागला. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, टू-व्हीलर पण मेन रोडला लावून चालत या.

पैसे: ए१ ला मी १४ हजार दिले, ए२ ला तेवढेच, बी१ ला १८ हजार, तिन्ही वेळा दोन हप्त्यांत, आधी सगळे मागितले नाहीत. पुस्तकं आणि परीक्षेची फी वेगळी. आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी सात ते नऊ. पहिले दोन वर्ग बसून बघायचे, पटलं तर फी. असा क्लास शोधताना मी आता या गोष्टी बघेन: बॅच किती मोठी आहे, पहिले वर्ग बसून बघता येतात का, शिकवणारी व्यक्ती तीच राहणार आहे का, कागद मागतायत का, आणि चूक झाली की ती कुठून आली हे समजावून सांगतायत का, नुसतं खोडून बरोबर उत्तर देणाऱ्यांकडे नका जाऊ.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा ऐकण्याच्या सरावासाठी कापला, बाईंना तसं सांगितलंय, त्यांनी आता एक स्पीकर आणलाय.

बी२ साठी मी बाईंकडेच आहे, सोमवारपासून. वेळ सातऐवजी साडेसहा केलीय, कारण नऊपैकी आता पाचच जण पुढे चाललोय आणि त्यात तिघी नर्सेस आहेत, नाइटला वेळेवर पोचायला हवं.